गुडघ्याच्या वाटीच्या वरचा आतला स्नायू बसलाय, पाय शेवटी ताठ होत नाही

मैदान_अमळनेर

राम राम मंडळी. पोलीस भरतीच्या तयारीतला एक मुलगा आहे, वय २१, वजन ६४ किलो. कबड्डीत चढाई करताना पाय जमिनीत रोवलेला असतानाच अंग वळलं आणि उजवा गुडघा गेला. तासाभरात टम्म फुगला. एमआरआय झाला. मोठी लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) आणि सांध्यातली गादी शाबूत आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं. रिपोर्टात ‘वाटीच्या आतल्या कडेला आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्याला हाडात सूज, सांध्यात पाणी’ अशा अर्थाचं लिहिलंय. तीन आठवडे गुडघा ताठ धरणारा लांब पट्टा होता, तो आता निघालाय. चालायची आणि व्यायामाची परवानगी मिळाली आहे.

सध्या वाटीच्या वर आतल्या अंगाला जो थेंबासारखा उंचवटा असतो तो पार सपाट दिसतो. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर टेप लावला तर डावी मांडी ४६ आणि उजवी ४३.५ भरते. खुर्चीत बसून पाय सरळ कर म्हटलं की शेवटचं थोडं राहून जातं, पण टाचेखाली हात देऊन उचलला तर आरामात ताठ होतो. जिना चढताना फार त्रास नाही, उतरताना वाटीमागे दुखतं. संध्याकाळी गुडघा भरल्यासारखा होतो.

जिममधल्या पोरांचं म्हणणं, हा व्हीएमओ, तो फक्त शेवटच्या १५ अंशांत काम करतो, म्हणून मशीनवर तेवढाच टप्पा मारायचा आणि गुडघ्यांमध्ये बॉल दाबायचा. तालमीतले म्हणतात रोज शंभर बैठका मार, मांडी आपोआप भरेल. दोन्हीकडे ठाम माणसं आहेत. हा स्नायू असतो कसा, करतो काय, आणि भरतीच्या १६०० मीटर धावण्यापर्यंत पोराला परत न्यायचं तर सुरुवात कुठून करायची?

शरीररचना_धुळे

आधी रचना बघू, म्हणजे जिमवाल्यांच्या बोलण्यातलं किती घ्यायचं ते कळेल.

मांडीच्या पुढच्या बाजूला गुडघा ताठ करणारे चार स्नायू आहेत, एकत्र नाव क्वाड्रिसेप्स. मधोमध वरून दिसतो तो रेक्टस फिमोरिस, बाहेरून व्हास्टस लॅटरालिस, आतून व्हास्टस मिडियालिस, आणि रेक्टसच्या खाली हाडाला चिकटून व्हास्टस इंटरमिडियस. चारांपैकी फक्त रेक्टस कमरेच्या हाडापासून निघतो, त्यामुळे तो गुडघा ताठ करतोच, शिवाय मांडी वर उचलायलाही मदत करतो. बाकी तिघे मांडीच्या हाडावरच सुरू होतात, त्यांना खुब्याशी घेणंदेणं नाही. चारही खाली एका जाड टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत, मिसळतात, ते वाटीला धरतं, आणि वाटीच्या खालून निघालेला पट्टा नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर जाऊन बसतो.

तुमचा प्रश्न व्हास्टस मिडियालिसचा. तो खुब्याच्या जरा खाली, मांडीच्या हाडाच्या पुढून सुरू होऊन हाडाला आतून वळसा घालतो आणि हाडाच्या मागच्या कण्याची, म्हणजे लिनिया अस्पेराची, आतली कड धरून जवळपास गुडघ्यापर्यंत उतरतो. खालचे काही तंतू ॲडक्टर मॅग्नस या मांडी आत ओढणाऱ्या स्नायूच्या टेंडनवरूनही निघतात. बॉल दाबायची कल्पना इथूनच आली: आतला स्नायू ताणला की त्यावर उगवलेले तंतू जास्त जोर लावतील असा तर्क. ऐकायला पटतो. पण स्नायूवर इलेक्ट्रोड लावून मोजलं तर बॉल दाबल्याने व्हीएमओ बाकीच्या भावंडांपेक्षा वेगळा, भरवशाने जास्त चालतो असं दिसत नाही. बॉलने नुकसान काही नाही, पण त्यावर कार्यक्रम उभारू नका.

वरच्या भागाचे तंतू हाडाच्या रेषेशी साधारण १५ ते २० अंशांत उतरतात आणि वाटीला वर ओढतात. अगदी खालचे तंतू ५० ते ५५ अंशांत तिरपे येऊन वाटीच्या आतल्या कडेला धरतात. या खालच्या तिरप्या भागालाच व्हीएमओ म्हणायचं. तो वेगळा स्नायू नाही. काही विच्छेदनांत दोन भागांमध्ये पातळ पडदा दिसतो, पण अनेकांत तो सापडतच नाही. हुकूम आणणारी नस सगळ्यांची एकच, फिमोरल, कमरेतल्या दुसऱ्या ते चौथ्या मणक्याच्या पातळीवरून येणारी.  

आता ‘शेवटचे १५ अंश’. ही गोष्ट मोडून काढणारं काम १९६८ सालचं आहे, लीब आणि पेरी यांचं. त्यांनी कापून वेगळ्या केलेल्या पायांवर एकेका स्नायूला स्वतंत्र ओढ देऊन पाहिली. तिरप्या तंतूंना कितीही ओढलं तरी एकट्याने गुडघा ताठ होईना. ते वाटी आत खेचतात आणि रेषेत धरतात, एवढंच. इंटरमिडियस, लॅटरालिस, रेक्टस, मिडियालिसचा वरचा लांब भाग, हे प्रत्येकी एकटे ताठ करू शकत होते. मात्र शेवटच्या १५ अंशांसाठी लागणारा जोर एकूण क्वाड्रिसेप्सला जवळपास ६० टक्के वाढवावा लागला. म्हणजे तिथे खास कोणी एक स्नायू जागा होत नाही. सगळ्यांनाच जास्त ओढावं लागतं आणि अशक्त मांडी नेमकी तिथे हरते.

जास्त का ओढावं लागतं? वाटी ही विहिरीवरच्या कप्पीसारखी आहे: टेंडनला सांध्यापासून दूर धरते म्हणून ओढीला फायदा मिळतो. पाय ताठ होत आला की हा फायदा घटतो. स्नायू तोवर आखूड झालेला असतो, आखूड स्नायूचा जोर कमी. शिवाय खुर्चीत बसलेल्या माणसाची नडगी आडवी होत जाते, तेव्हा पायाचं वजन सगळ्यात जास्त खाली खेचतं. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी गाठतात.

मग आतला उंचवटाच का सपाट दिसतो? त्याच्यावरचं आवरण पातळ आहे. बाहेरच्या बाजूला जाड पट्टा असतो, तिथला स्नायू तेवढाच उतरला तरी डोळ्यांना कळत नाही. आतला खड्डा ही सगळ्या क्वाड्रिसेप्सची बातमी समजा.

गुडघा_जळगाव

सरांनी रचना सांगितलीच आहे. व्यायामाच्या आधी एक गोष्ट बोलणं भाग आहे, ती कोणी विचारलेली नाही.

वाटीच्या आतल्या कडेला आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्याला, दोन्हीकडे एकाच वेळी हाडात सूज, हा जोड सहसा एकाच प्रकारे होतो. वाटी बाहेर सरकते, आणि सरकताना किंवा परत बसताना तिची आतली कड बाहेरच्या गोळ्यावर आपटते. पाय रोवलेला आणि अंग वळलं, हा प्रकारही तसाच. बऱ्याचदा वाटी क्षणात आपोआप जागेवर बसते, म्हणून खेळाडू फक्त ‘गुडघा पिरगाळला’ म्हणतो. दादा, तुम्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि थेट विचारा: वाटी सरकली होती का, वाटीला आतून धरणारा एमपीएफएल हा लिगामेंट कसा आहे, वाटीच्या खाचेची खोली कशी आहे, हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सुटलेला नाही ना. ‘लिगामेंट शाबूत’ म्हणताना पुष्कळदा मधल्या क्रूशिएट आणि बाजूच्या लिगामेंटांचाच विचार झालेला असतो. गुडघा ताठ असल्यापासून वाकण्याच्या पहिल्या ३० अंशांपर्यंत वाटीला बाहेर जाण्यापासून रोखण्याचं निम्म्याहून जास्त काम एमपीएफएल करतो. तो फाटला असेल तर व्हीएमओ कितीही फुगवला तरी त्याची जागा घेणार नाही. कोवळ्या वयात वाटी परत सरकण्याचा धोका जास्त, तेव्हा हे कळेपर्यंत कबड्डी पूर्ण बंद.

आता तुमच्या निरीक्षणाकडे. हाताने उचलला तर ताठ होतो, स्वतःहून होत नाही, याला आम्ही लॅग म्हणतो. याचा अर्थ सांधा अडलेला नाही, जोर अडलाय. हातानेही ताठ झाला नसता तर गोष्ट वेगळी होती. तिथे गादी अडकली असेल, पुढे काही आलं असेल, ते बघावं लागलं असतं.

आणि जोर अडलाय तो नुसता तीन आठवड्यांच्या पट्ट्याने नाही. सांध्यात पाणी असलं की गुडघ्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश क्वाड्रिसेप्सचा हुकूमच कापून टाकतात. १९८४ मध्ये निरोगी गुडघ्यांत सलाइन सोडून हे मोजलं गेलं: व्हास्टस मिडियालिस २० ते ३० मिलिलिटर पाण्यालाच दबला, रेक्टस आणि लॅटरालिस दबायला ५० ते ६० मिलिलिटर लागलं. वीसेक मिलिलिटर म्हणजे डोळ्यांना जेमतेम कळणारी सूज. म्हणून संध्याकाळी गुडघा भरतोय तोवर मशीनवर वजन वाढवण्यात अर्थ नाही. मुलगा कामचुकार नाही, त्याच्या मांडीला हुकूम पोचत नाहीये.

पाणी रोज तपासा. पाय ताठ आणि ढिला ठेवून वाटीच्या आतली बाजू तळहाताने खालून वर दोन-तीनदा पुसायची, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा. आतल्या खळग्यात परत लाट भरून आली तर पाणी आहे. शिवाय वाटीच्या मधोमध टेपने घेर घ्या, सकाळी आणि रात्री. रात्रीचा आकडा सकाळपेक्षा सेंटिमीटरभर वाढला तर त्या दिवसाचं काम जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. क्रेप बँडेज खालून वर. मालिश, गरम शेक, तेल लावून रगडणं सध्या नको.

सुरुवातीचा व्यायाम दिसायला पोरकट आहे, पण सगळा पाया तोच. सतरंजीवर पाय लांब करून बसायचं, घोट्याखाली गुंडाळलेला टॉवेल, म्हणजे गुडघा खाली झुकून पूर्ण ताठ होईल. पंजा स्वतःकडे ओढायचा, मांडी आवळून वाटी वर सरकवायची, ५ ते १० सेकंद धरायची, तेवढाच वेळ सोडायची. १० वेळा, दिवसभरात अशा पाच-सहा फेऱ्या. दोन बोटं आतल्या उंचवट्यावर ठेवा. बोटाखाली कडकपणा आला तरच मोजा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मांडीऐवजी कुल्ले आवळणं किंवा टाच जमिनीवर दाबून मागच्या स्नायूने गुडघा खाली ढकलणं. बाहेरून गुडघा ताठ दिसतो आणि क्वाड्रिसेप्स झोपलेलाच राहतो.

वाटी नीट वर सरकू लागली की उताणं झोपून ताठ पाय उचलणे. आधी मांडी आवळायची, वाटी वर गेली, मग टाच एक फूट उचलायची, दोन सेकंद थांबून सावकाश खाली. उचलताना गुडघा थोडाही वाकला तर ती वेळ मोजायची नाही, कारण मग काम खुब्याचे स्नायू करतात. वाकल्याशिवाय १० च्या तीन फेऱ्या झाल्या की घोट्यावर अर्धा किलो, पुढे दोन किलोपर्यंत. वाळूची पिशवी चालेल.

मैदान_अमळनेर

ताई, मनापासून आभार. रिपोर्ट घेऊन परत जातो. वाटी सरकली असेल हे डोक्यातच नव्हतं. पडला तेव्हा ‘काहीतरी जागचं हललं’ असं तो म्हणाला होता खरं.

आणखी विचारायचं होतं. गावात करंट देणारे आहेत, त्याने मांडी भरते का? वाटीला चिकटपट्टीचा टेप लावतात ते करायचं का? आणि लेग एक्सटेन्शन मशीन कधी?

गुडघा_जळगाव

करंट दोन प्रकारचा. दुखणं कमी करणारा टेन्स किंवा आयएफटी, त्यात नुसत्या मुंग्या येतात, त्याने स्नायू भरत नाही. दुसरा स्नायूला खरोखर आखडवणारा. त्यात मांडी डोळ्यांदेखत ताठ होते, जोर सहन होईल तितका वाढवतात, १० सेकंद चालू आणि ५० सेकंद बंद अशा दहा-पंधरा आखड्या देतात. हुकूम पोचत नसलेल्या पहिल्या काही आठवड्यांत हा दुसरा प्रकार उपयोगी पडतो, तोही मुलाने स्वतः सोबत जोर लावला तर. ‘कोणता करंट’ हे न विचारता पैसे देऊ नका. टेपने बऱ्याच जणांचं जिना उतरतानाचं दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं, त्यामुळे व्यायाम करता येतो. त्याचा उपयोग इतकाच, वाटी त्याने कायमची जागेवर बसत नाही. टेपने कातडी लाल झाली, खाज सुटली तर काढून टाका.

मशीनबद्दल जिमवाल्यांचा सल्ला तुमच्या मुलासाठी नेमका उलटा आहे. खुर्चीत बसून वजन उचलताना वाटीच्या मागचा दाब शेवटच्या टप्प्यात थोड्याच जागेवर एकवटतो. म्हणून मशीनवर ९० अंशांपासून ४५ पर्यंतच, शेवटचा टप्पा वजनाशिवाय. उभं राहून बैठक मारताना हिशेब फिरतो: ताठ ते ४५ अंश हा सोसणारा भाग, त्याखाली दाब भराभर चढतो. दोन्ही एकत्र केले की पूर्ण पल्ल्यात मांडी कामाला लागते आणि वाटी चिडत नाही.

लॅग संपून पाणी उतरलं की उभ्याने काम सुरू. दोरी किंवा रबराचा पट्टा गुडघ्यामागे, दुसरं टोक खांबाला, तोंड खांबाकडे. गुडघा ३० अंश वाकवून पट्ट्याविरुद्ध ताठ करायचा, १५ वेळा तीन फेऱ्या. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणे, ४५ अंशांपर्यंतच, २० सेकंदांपासून ४५ पर्यंत. मग पायरी उतरणे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा व्यायाम हाच, कारण दुखतंय तिथलंच काम हा घेतो. दुखऱ्या पायावर पायरीवर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद मोजत जमिनीला टेकवायची, वजन टाकायचं नाही, परत वर. आधी एका विटेची उंची, सात-आठ सेंटिमीटर, मग दोन विटा, शेवटी घराची नेहमीची पायरी. वीट हलता कामा नये, भिंतीला टेकवून ठेवा. समोर आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा. गुडघा अंगठ्याच्या आत पडला किंवा विरुद्ध बाजूची कंबर खाली गेली तर कुल्ल्याचे बाजूचे स्नायू कमी पडताहेत. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याच्या १५ च्या तीन फेऱ्या जोडा.

दुखण्याचं माप: दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी उतरलं पाहिजे.

तालीम_चोपडा

बैठकांना सगळे धरून झोडपून राहिले म्हणून बोलतो. चांगल्या मांडीला बैठक सोन्यासारखी आहे. पण तालमीतली पूर्ण बैठक म्हणजे टाचा उचललेल्या, गुडघे पंजाच्या पुढे, कुल्ले टाचेला टेकलेले आणि वेग. दुखऱ्या वाटीला यातलं एकही मानवत नाही. शंभरातल्या शेवटच्या चाळीस तर चांगल्या पायावर मारल्या जातात, दुखरा नुसता सोबत जातो. आरशात बघा, कंबर एका बाजूला सरकलेली दिसते.

या पोराला आधी पलंगावरून उठबस द्या. पलंग नसेल तर ४५ सेंटिमीटरची खुर्ची. टाचा टेकलेल्या, हात पुढे, खाली जाताना तीन मोजायचे, वर एका दमात. १० च्या तीन फेऱ्या, दिवसाआड. जमलं की उंची दोन-दोन बोटं कमी. शेवटी एका पायावर उठबस. डाव्याने दहा होत असतील तर उजव्यानेही नऊ झाल्याशिवाय पळवू नका. मी मैदानात एवढंच माप धरतो, मांडीचा टेप नंतर. स्नायूचा घेर जोर आल्यावर बऱ्याच उशिराने भरतो, आणि पोरं टेप बघूनच खचतात.

खाण्याचं: किलोमागे दीड ग्रॅम प्रोटीन धरलं तर ६४ किलोला ९५-९६ ग्रॅम. डबा बघितला तर त्याच्या निम्मं भरत नाही. कळण्याची भाकरी चांगली, कारण ज्वारीत उडीद पडतो, पण तेवढ्यावर भागत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस ते चोवीस. अंडी, दूध, दही यांनी बाकीचं भरा. पावडरीचे डबे घ्यायची काही गरज नाही.

मैदान बघा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, भेगेत पाय गेला की गुडघा परत गेलाच. डांबरी रस्त्याच्या कडेला उतार असतो, एकच पाय रोज खालच्या बाजूला पडतो, तेही वाटीला नडतं. मुरमाचं सपाट मैदान शोधा. आणि मे महिन्यात ४५ अंशांत दुपारची प्रॅक्टिस लावू नका, सकाळी साडेसहाच्या आत उरका.

गुडघा_जळगाव

आप्पांच्या एका पायाच्या उठबशीला माझा पूर्ण पाठिंबा. धावण्याआधी एवढं हवं: पाणी नाही, लॅग नाही, अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी सूज नाही, जिना उतरताना दुखणं नाही. मशीन असेल तर दुखऱ्या पायाचा जोर चांगल्या पायाच्या ८० टक्के तरी. मग एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा, दिवसाआड. आठवड्याला जॉगिंगचा वेळ थोडा वाढवायचा आणि चालण्याचा घटवायचा. १६०० मीटर सलग आधी आरामात, घड्याळ न लावता. वेळेसाठी पळणं, १०० मीटरचा स्टार्ट आणि गोळाफेकीतला शेवटचा पिळा हे सगळं ९० टक्के जोर आल्यावर. गोळाफेकीत रोवलेल्या पायावर अंग वळतं, म्हणजे वाटी सरकली तोच प्रकार, हे विसरू नका.

आणि हे दिसलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडे: गुडघा मध्येच अडकणं, चालताना अचानक दगा देणं, वाटी हलल्याची भीती वाटणं, पोटरी एका बाजूने सुजून गरम आणि दुखरी होणं. ताठ पाय अजिबातच उचलता न येणं आणि वाटीच्या वर किंवा खाली बोट बुडेल असा खड्डा लागणं, ही तर त्याच दिवशी जायची गोष्ट आहे, टेंडन तुटलेलं असू शकतं.

केळीबाग_यावल

विषयाला धरूनच विचारतो. निंदणीला उकिडवं बसणाऱ्या पन्नाशीच्या बायांचं वाटीमागचं दुखणं, चैत्रात वणीच्या गडावरून उतरताना जास्त. त्यांनी हेच व्यायाम करायचे का?

शरीररचना_धुळे

मूळ तेच. १९७२ च्या एका मोजमापात वाटीच्या मागचा दाब सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिन्यावर तीन पटींच्या वर आणि खोल बसताना साडेसात पटींच्या आसपास निघाला. साठ किलोच्या बाईला उकिडवं बसून उठताना वाटीवर साडेचारशे किलोचा भार. उतरताना क्वाड्रिसेप्स लांब होत होत वजन झेलतो, थकलेली मांडी ते नीट झेलत नाही आणि धक्का वाटीवर जातो.

वाटी आवळणे, ताठ पाय उचलणे आणि खुर्चीवरून उठबस, एवढे तीन त्यांना पुरतात. विटेवरचा व्यायाम पुढे, दुखणं उतरल्यावर. निंदताना वीतभर उंचीचं लाकडी पाटलं बुडाखाली घ्यायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावलं चालायचं. गडावरून उतरताना काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि पायरीवर आधी दुखरा पाय खाली, चांगला मागून.

मैदान_अमळनेर

डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. वाटी सरकून बसली होती हे त्यांनीही मान्य केलं. एमपीएफएल ताणलेला आहे पण तुटलेला नाही, तुकडा सुटलेला नाही, सध्या ऑपरेशन नको म्हणाले. कबड्डी बंद, घेराची वही सुरू केली. ताई, वाटी आवळताना आतल्या भागाला बोटाखाली थरथर होते, कडक होत नाही. चालेल?

गुडघा_जळगाव

थरथर म्हणजे हुकूम पोचायला लागला. सेकंद वाढवू नका, आधी पाच सेकंद न थरथरता जमू द्या. चांगल्या पायाची मांडी आधी आवळायला सांगा आणि लगेच दुखऱ्याची, दोन्ही बरोबर धरायच्या. बऱ्याच जणांना त्याने लवकर जमतं.